एक घर पुढे

माउस मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय.
उजव्या मनगटाला निळा पट्टा,
सोहारच्या औषधाच्या दुकानातला, साडेतीन रियालचा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे हा हात ओढू नका.

तर आता बोटांनीच चालते.
ओळीओळीने नाही. ओळ ही नुसती कागदाची सोय.
एक की: पुढचं भावंड.
एक की: आत, पहिल्या मुलापाशी.
एक की: वर, ज्याने हे सगळं पोटात घेतलंय त्याच्याकडे.
कर्सर उडी मारतो तेव्हा मधली चाळीस अक्षरं
वाटेत लागतच नाहीत,
जशी बंदराकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये
झोपलेल्याला चौकातली गोल चक्करं लागत नाहीत.

अण्णा इचलकरंजीत मागावर जॉबर होते.
तुटलेला धागा ते बघून शोधत नसत.
तोंड माझ्याकडे, बोलणं माझ्या मार्कांबद्दल,
बोटं मात्र ताण्यात, आणि चिमटीत नेमकं ते टोक.
कसं कळतं, विचारलं तर म्हणायचे,
मोजत बसलं तर पाळी संपंल.

हा कोड सजीशचा.
तो आता कॅनडात आहे की कन्नूरला, कुणी नीट सांगत नाही.
पगाराचा हिशेब: क्रेनवाले, दोरवाले,
रात्री जहाजं धक्क्याला बांधणारे,
एक हजार एकशे बारा नावं.
कंसात कंस, त्यात कंस,
आणि शेवटी सात बंद कंस ओळीने,
मशिदीच्या पायरीशी काढून ठेवलेल्या वहाणांसारखे.

चौगुलेबाई फळ्यावर लिहायच्या, कंचेभागुबेव.
आधी कंस सोडवा.
मागच्या बाकावरून कुणीतरी:
बाई, कंसाला कृष्णानं सोडवला की!
वर्ग हसायचा, बाईही.
उत्तर मात्र कंसावरूनच चुकायचं.

पावणेदोन वाजले होते.
वर. वर. पुढचं भावंड. आत.
रात्रपाळी: मूळ पगार आणि भत्ता, त्यांची सव्वापट,
आणि बंद कंसाच्या पलीकडे
जादा तास. एकटेच.
मी परत वर गेले, परत आत उतरले.
तेच.
भिंतीवरच्या नियमाच्या कागदावर
वर अरबीत, खाली इंग्रजीत
तिन्ही एकत्र आहेत.

या एडिटरमध्ये एक की आहे,
तिने बंद कंस एक घर पुढे सरकतो,
शेजारी जे कुणी उभं असेल त्याला आत घेतो.
दुसरी आहे, ती आतल्याला बाहेर काढते.
दोन्ही एकाच बोटाखाली.
फरक फक्त शिफ्टचा.

जुन्या नोंदी उघडल्या. सजीशने बरोबर लिहिलं होतं.
तीन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी,
दुपारी चार बावन्नला,
कुणाच्या तरी बोटाखाली शिफ्ट चुकून राहिली.
किंवा चुकून नाही.
नाव आहे नोंदीत. ते इथे लिहीत नाही.

मी की दाबली.
बदरिया कराकचे दोन कप घेऊन मागे उभी होती.
काय केलंस? काही हललेलं दिसलं नाही.
तिला दाखवलं: लाल ओळ, हिरवी ओळ,
अक्षरं तीच, एक खूण थोडी उजवीकडे.
तिने खुर्ची ओढली, मोतालेब मियाँचा क्रमांक घातला.
नऊ रियाल, चारशे बैसा.
महिन्याचे? महिन्याचे.
छत्तीस महिने, ती म्हणाली,
आणि गुणाकार करायला तोंड उघडून
कप खाली ठेवला.

बाहेर धक्क्यावर एक क्रेन
दिवे लावून हळूहळू वळत होती.
सेव्ह कर, म्हणाली,
आणि वरच्यांना मेल लिही. आत्ता. मी शेजारी बसते.

लिहायला घेतला.
सवयीने बोट त्या कीवर गेलं, वर, वर,
पण मेलला काही वर नव्हतं.
तो ओळीओळीनेच लिहावा लागला,
डाव्या हाताने,
साडेचारपर्यंत.